चौथ्या पायाची सुनावणी

मोरशिंदी गावात सोल्डर केलेला जोड उकलायचा असेल, तर आधी त्या जोडाची संमती घ्यावी लागते. आयसीसारखा अनेक पायांचा भाग असेल, तर ती पायागणिक वेगवेगळी घ्यावी लागते. बाहेरगावच्या लोकांना हे ऐकून हसू येतं. मोरशिंदीच्या लोकांना, बाहेरगावी कुणी न विचारताच जोड उकलतं हे ऐकून अंगावर काटा येतो.

यात अवघड असं काही नाही. कथील वितळलेलं असतं तेवढा वेळ पाय बोलतो आणि गोठलं की गप्प होतो. सोल्डरिंग आयर्नचं तापलेलं टोक टेकवायचं, प्रश्न विचारायचा, उत्तर ऐकायचं आणि टोक उचलायचं. हे सगळं तीन सेकंदांत उरकावं लागतं, कारण त्याहून जास्त वेळ टोक टेकवलं तर बोर्डावरची तांब्याची टिकली सुटून येते, आणि टिकली सुटली की मग संमती असली काय नि नसली काय. पायाचा आवाज बारीक, अगदी जवळ वाकलेल्यालाच ऐकू येईल असा असतो, म्हणून निरीक्षकाकडे कानाला लावायची एक पितळी नळी असते. ती सरकारी मालमत्ता आहे आणि तिच्यावर तसा क्रमांक कोरलेला आहे.

जोड निरीक्षक कुरणे हे काम बावीस वर्षं करत होते. माणूस सरळ होता, पण नियमाच्या एक सूतभरही इकडे तिकडे होणारा नव्हता. त्यांनी स्वतः जन्मात आयर्न हातात धरलं नव्हतं आणि त्यामुळेच आपण निःपक्षपाती राहू शकतो, असं ते ज्याला त्याला सांगत. एका आयसीच्या जास्तीत जास्त तीन सुनावण्या घ्यायच्या, हा नियम त्यांना तोंडपाठ होता. आयसीला फार ताप सोसत नाही. तीन सुनावण्यांत जो पाय हो म्हणाला नाही, त्याचा नकार कायमचा. आणि जो पाय काही बोललाच नाही, त्याचाही नकारच धरायचा.

प्रभावतीबाई सरनोबतांनी त्यांच्याकडे अर्ज केला तो श्रावणातल्या एका बुधवारी. बाई गणिताच्या शिक्षिका म्हणून निवृत्त झाल्या होत्या. मागच्या पडवीत त्यांचं टेबल होतं. त्यावर दोन आयर्न, एक बारीक टोकाचं आणि एक जाड, राळेची डबी, कथील ओढून घेणारा पंप, तांब्याच्या तारांची विणलेली पट्टी आणि चार प्रकारचे चिमटे अशी मांडणी असे, आणि तिला घरातल्या कुणीही हात लावायचा नाही असा दंडक होता. घरात दुसरं होतं तरी कोण, एक दिनकरराव. त्यांनी तो दंडक तीस वर्षं पाळला होता.

दिनकररावांच्या घशाचं ऑपरेशन सहा वर्षांपूर्वी झालं, त्यात आवाज गेला. तेव्हापासून ते गळ्याला एक यंत्र लावून बोलत. यंत्र नुसतं गुणगुणायचं, ओठ आणि जीभ हलवून त्या गुणगुणण्याचे शब्द दिनकरराव करायचे. आवाजाला चढ नाही, उतार नाही. चिडले काय नि लाडात आले काय, सूर तोच. सुरुवातीला बाईंना ते ऐकवत नसे. मग सवय झाली, आणि नंतर तर दाराशी भाजीवाला आला तरी तोही याच सुरात भाव सांगेल असं त्यांना वाटे.

अर्जाच्या तीन आठवडे आधी एका सकाळी दोघं मेथी निवडत बसले होते. दिनकररावांनी हातातली जुडी खाली ठेवली, यंत्र गळ्याला लावलं आणि म्हणाले, "प्रभा, ऑपरेशनच्या आदल्या दिवशी मी..."

आणि यंत्र बंद पडलं.

बाईंनी सेल बदलले. यंत्र उघडलं. आत आठ पायांची एक आयसी होती, ती जळाली होती. मेलेल्या आयसीला संमती विचारायची गरज नसते, मृत्यूचा फॉर्म भरून ती काढता येते, तशी त्यांनी काढलीही. पण तिच्या जागी घालायला दुसरी मिळेना. ती आयसी करणाऱ्यांनी कधीच बंद केली होती. आणि अख्खं नवं यंत्र मागवायचं, तर तसलं यंत्र आता मिळतच नव्हतं. नव्या पद्धतीचं मिळत होतं, पण ते दिनकररावांच्या ऑपरेशन झालेल्या गळ्याला चालणार नाही, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं.

तोवर पाटीवर लिहा, असं बाई म्हणाल्या. दिनकरराव पाटीवर लिहीतही होते. "मीठ कमी." "पंपाला पाणी आलं." "नळावर कोण भांडतंय?" सगळं लिहीत. पण त्या सकाळचं वाक्य पुरं करा म्हटलं की मान हलवायचे. फार आग्रह केला तेव्हा त्यांनी लिहिलं, "ती बोलायची गोष्ट आहे. लिहायची नाही."

आता सांगा, कुठल्या बायकोला यावर झोप लागेल? ऑपरेशनच्या आदल्या दिवशी हा माणूस दिवसभर इस्पितळाच्या खाटेवर होता. तिथे बसून त्याने असं काय केलं, जे सहा वर्षांनी, मेथी निवडताना, सांगावंसं वाटलं? बाईंनी तो दिवस डोक्यात सतरा वेळा उलटापालटा केला. त्या दिवसातला एक क्षण असा होता की तिथे आल्यावर त्या दर वेळी पुढचं आठवणं थांबवायच्या आणि उठून काहीतरी कामाला लागायच्या. नणंदेने, म्हणजे लीलावन्संनी, फोनवरून तीन तर्क लढवले. पहिला जमिनीच्या कागदांचा, दुसरा एका नर्सचा आणि तिसरा नवसाचा. "दादाने गुपचूप काहीतरी नवस बोललाय आणि फेडला नाहीये," असं त्या अगदी ठामपणे म्हणाल्या. "म्हणूनच यंत्र बंद पडलं."

"वन्सं, यंत्र आयसी जळाली म्हणून बंद पडलं," बाई म्हणाल्या.

"ती तरी का जळाली?" वन्सं म्हणाल्या आणि त्यांनी फोन ठेवला.

शोधता शोधता एक आयसी सापडली, आणि सापडली ती घरातच. पुष्कळ वर्षांपूर्वी बाईंनी आळीच्या पाण्याच्या टाकीसाठी एक बोर्ड केला होता. टाकी भरली की तो ओरडायचा, मग कुणीतरी जाऊन मोटर बंद करायचं. टाकी पुढे पाडली. बोर्ड बाईंनी उचलून माळ्यावर ठेवला होता. त्याच्यात हीच आयसी होती. टाकीसाठी ओरडायचं काय नि गळ्याशी गुणगुणायचं काय, आयसीच्या दृष्टीने काम एकच.

पहिली सुनावणी कचेरीत झाली. कुरणेंनी अर्जाच्या तिन्ही प्रती लावून घेतल्या, नळी कानाला लावली आणि म्हणाले, "बाई, तुम्ही टोक टेकवा. प्रश्न मी विचारतो. पाय क्रमांक एक. तू स्वखुशीने सुटायला तयार आहेस का?"

पहिला पाय हो म्हणाला. दुसरा हो म्हणाला. तिसऱ्याने "तिकडे ऊन लागतं का?" असं विचारलं, आणि नाही म्हटल्यावर हो म्हणाला. पाचवा आणि सहावा जुळे भाऊ असल्यागत एकाच शब्दात तयार झाले. सातवा पाय कशालाच जोडलेला नव्हता, नुसताच बोर्डात अडकवलेला होता. तो म्हणाला, "मला आजवर कुणी काही विचारलंच नव्हतं," आणि त्याचा आवाज जरा कापरा झाल्यासारखा कुरणेंना वाटला. तशी नोंद मात्र त्यांनी केली नाही, कारण तिला रकाना नव्हता. आठवा, ज्याच्यातून वीज आत येते तो, थोडा तोऱ्यात होता, पण तोही तयार झाला.

चौथा काही बोलेना.

बाईंनी टोक टेकवलं. एक, दोन, तीन. कुरणेंना नळीतून फक्त "ट्..." असं ऐकू आलं आणि मग काहीच नाही.

"मौन," कुरणे म्हणाले आणि त्यांनी तसं लिहिलं. "चौथा पाय म्हणजे ग्राउंडचा ना? मग तो बोलणारच नाही, बाई. बावीस वर्षं बघतोय. ग्राउंडचे पाय हट्टीच. दहांतले आठ मौन धरतात."

"मग लोक काय करतात?"

"कटरने तोडतात. भंगारात निघालेल्या बोर्डाला नकार आल्यास तोडायची मुभा आहे. कलम अकरा."

मोरशिंदीत ग्राउंडचा पाय तोडणं ही रोजची गोष्ट होती. त्यांनी स्वतः किती तोडले होते याचा हिशेब नव्हता. पण या आयसीचा चौथा पाय आधीच आखूड होता. बोर्डाशी लगटून तोडला तर यंत्रातल्या टिकलीपर्यंत तो पोचलाच नसता. शिवाय तोडताना आयसीचं अंग तडकलं तर दुसरी नव्हती.

दुसऱ्या सुनावणीला त्या पाच दिवसांनी गेल्या. या वेळी त्यांनी आयर्नची उष्णता वाढवून ठेवली होती. चौथ्या पायाला टोक टेकवलं, कुरणेंनी प्रश्न विचारला, तीन सेकंद झाले आणि बाईंनी टोक उचललं नाही. चार. पाच.

"बाई," कुरणे म्हणाले.

"टा..." चौथा पाय म्हणाला.

"बाई, टिकली."

बाईंनी टोक उचललं. टिकलीची एक कड बोर्डावरून किंचित सुटल्यासारखी दिसत होती. त्यांनी भिंगातून बघितलं, बोटाने अलगद दाबली, आणि कुरणेंनी खिडकीबाहेर पाहायला सुरुवात केली.

"टा म्हणाला तो," बाई म्हणाल्या. "ते काय होकाराचं अक्षर आहे का?"

"नकाराचंही नाही," कुरणे म्हणाले. "पण पूर्ण शब्द नसेल तर मौनच धरावं लागतं. एक सुनावणी राहिली."

घरी आल्यावर बाई पडवीत जाऊन रडल्या. सहसा रडणारी बाई नव्हती ती. आता एवढ्याशा एका पायापायी आपल्याला नवऱ्याचं बोलणं पुन्हा ऐकायला मिळणार नाही, या विचाराने त्यांचा जीव अगदी कासावीस झाला. आणि त्याहून वाईट म्हणजे, त्या पायाचा त्यांना भयंकर राग येत होता. दिनकरराव येऊन शेजारी बसले. त्यांनी बोर्ड उचलून इकडून तिकडून पाहिला. बाईंनी दोन्ही सुनावण्यांत काय झालं ते सांगितलं, पहिल्यांदा "ट्" आणि दुसऱ्यांदा "टा".

"हट्टी मेला," बाई म्हणाल्या. "बोलायचं नाही तर नाही म्हण ना सरळ. तोंडातल्या तोंडात काय?"

दिनकररावांनी पाटी घेतली. मग लिहिलं, "तो नाही म्हणत नाहीये. त्याला बोलता येत नाहीये."

बाईंनी ते वाचलं.

दिनकररावांनी खाली आणखी एक ओळ लिहिली, "सुरुवात होते आणि तुटते. मला विचार."

बाई उठून टेबलाशी गेल्या आणि त्यांनी दिवा लावून बोर्ड पालथा धरला. चौथा पाय बोर्डावरच्या रुंद तांब्याला जोडलेला होता. सगळीकडची वीज फिरून शेवटी ग्राउंडला परत येते, म्हणून ते तांबं अर्ध्या बोर्डभर पसरलेलं होतं. आयर्नने दिलेली सगळी उष्णता ते तांबंच पिऊन टाकत होतं. बाकीच्या पायांचं कथील तीन सेकंदांत पाणी होत होतं, या बापड्याचं वरवर मऊ व्हायचं आणि पुन्हा गोठायचं. तो बोलायला लागायचा आणि अर्ध्या अक्षरावर त्याचं तोंड बंद व्हायचं. बावीस वर्षं कुरणे त्याला मौन म्हणत आले होते, आणि अख्खं गाव कटर हातात घेऊन त्यांच्यावर विश्वास ठेवत आलं होतं. बाईंना आजवर तोडलेले पाय आठवले आणि त्या खुर्चीत बसून राहिल्या.

तिसरी सुनावणी घरी घ्या, असा अर्ज त्यांनी दुसऱ्या दिवशी दिला. कारण म्हणून "तवा कचेरीत आणता येत नाही" असं लिहिलं. कुरणेंनी नियमावली चाळली. स्थळ-सुनावणीची तरतूद होती. तव्याविषयी काही नव्हतं, म्हणजे मनाईही नव्हती.

शनिवारी सकाळी अकराला कुरणे आले. मागच्या पडवीत शेगडीवर एक जुना, कड मोडलेला तवा ठेवला होता. पोळ्यांचा नव्हे, खास या कामासाठी वेगळा काढलेला. त्यात बोटभर वाळू पसरली होती आणि वाळूवर बोर्ड पालथा ठेवला होता. गॅस अगदी मंद. दिनकरराव पाटी मांडीवर घेऊन बाजूला बसले होते.

"हे काय चाललंय?" कुरणेंनी विचारलं.

"बोर्ड खालून कोमट करतेय. अख्खं तांबं आधीच तापलेलं असलं की ते उष्णता ओढून घेणार नाही. मग वरून थोडकी दिली तरी पुरेल." बाईंनी जाड टोकाचं आयर्न उचललं. दुसऱ्या हातात कथिलाची तार घेतली. "आणि त्याला थोडं नवं कथील घालणार आहे."

कुरणेंनी पेन खाली ठेवलं. "बाई, तुम्हाला जोड काढायचाय. घालायचा नाहीये."

"जुनं कथील वाळून कोरडं झालंय. नवं, राळेचं, मिसळलं की जुनंही वाहायला लागतं. काढायच्या आधी घालावंच लागतं."

"तो नवा जोड होईल."

"जोडायला कुठे परवानगी लागते?"

कुरणेंनी विचार केला. खरोखरच लागत नव्हती. जोडताना मोरशिंदीत कुणी कुणाला काही विचारत नसे. त्यांनी रकान्यात "भर घातली" असं लिहिलं आणि नळी कानाला लावली.

बाईंनी चौथ्या पायावर राळ लावली, टोक टेकवलं, तार टेकवली. बारीक धूर निघाला. कथील चमकलं आणि पायाभोवती गोल पसरलं.

"पाय क्रमांक चार," कुरणे म्हणाले. "तू स्वखुशीने..."

"टाकी भरली का?" चौथा पाय म्हणाला.

कुरणेंनी नळी कानापासून काढली, तिच्यात फुंकर मारली आणि पुन्हा लावली. "काय म्हणालास?"

"टाकी. भरली का? किती दिवस विचारतोय."

त्याचा आवाज आता बाजूला बसलेल्या दिनकररावांपर्यंतही पोचत होता. तीन सेकंद होऊन गेले होते, पण खाली तवा होता, वर आयर्न नुसतं टेकल्यासारखं धरलेलं होतं, आणि टिकली जागची हलली नव्हती. कथील वितळलेलंच होतं.

"टाकी पाडली रे," बाई म्हणाल्या. अर्जदाराने पायाशी थेट बोलायचं नसतं, पण कुरणेंनी हरकत घेतली नाही. "अकरा वर्षं झाली."

"अकरा? मग वीज का नाही?"

"तुझ्या बोर्डाला कुणी वीज देतच नाही आता. माळ्यावर होतात तुम्ही सगळे."

चौथा पाय मग म्हणाला, "आम्ही समजत होतो, लोडशेडिंग आहे."

"तुम्हाला कळवायला हवं होतं," बाई म्हणाल्या. "चुकलं माझं."

"नाही, तसं काही नाही. फक्त मी म्हटलं, वीज आली आणि मी जागेवर नसलो, तर बाकीचे परत कुठून जाणार? सगळ्यांना माझ्यावरूनच परत जायचं असतं. म्हणून बसून होतो." मग त्याने विचारलं, "आता नेताय कुठे?"

कुरणेंनी अर्ज वाचून दाखवला. मुक्काम दिनकरराव सरनोबत यांचं यंत्र. काम गळ्याशी गुणगुणण्याचं, उद्देश बोलणं.

"काय बोलणार आहेत?"

"ते नियमात विचारायचं नसतं," कुरणे म्हणाले.

"मी टाकीसाठी अकरा वर्षं बसलो, कारण टाकी भरते म्हणजे काय ते मला माहीत होतं," चौथा पाय म्हणाला. "आता जिथे बसायचं, तिथून काय जाणार तेही माहीत असू दे. एवढंच."

दिनकररावांनी पाटी उचलली. बाईंकडे पाठ केली आणि लिहायला लागले. पुष्कळ लिहिलं, दोनदा पुसलं. मग पाटी कुरणेंच्या हातात दिली आणि बाईंकडे बोट करून नकारार्थी मान हलवली.

"गोपनीय म्हणून घेतो," कुरणे म्हणाले. ते खाली वाकले, नळी उलटी करून तिचं तोंड चौथ्या पायाजवळ नेलं, आणि अगदी हळू, ओठ हाताने झाकून, पाटीवरचं वाचून दाखवलं. बाईंनी जीव कानात आणला होता. पण गॅसच्या आवाजात काही कळलं नाही, आणि हातातलं आयर्न सोडून पुढे वाकणं शक्य नव्हतं. वाचून झाल्यावर कुरणेंनी पाटी पुसली. चष्माही पुसला.

मग नळी सरळ करून कानाला लावली आणि बराच वेळ तशीच धरून ठेवली.

"संमती," ते म्हणाले. "पूर्ण शब्दात."

त्यानंतर बाईंच्या हाताला जी गती आली ती त्यांच्या शाळेतल्या मुलींनी कधी पाहिली नसेल. पंपाने चौथ्याचं कथील ओढून घेतलं, तांब्याची पट्टी टेकवून उरलंसुरलं टिपलं. मग एक, दोन, तीन, पाच, सहा, सात, आठ. बोर्ड उलटून चिमट्याने आयसी अलगद हलवली आणि ती एकही टिकली न सुटता हातात आली. बाईंनी ती तळहातावर घेतली. ती अजून गरम होती.

"कुरणे," त्या यंत्र उघडता उघडता म्हणाल्या, "जमिनीच्या कागदांचं आहे का हो काही?"

"गोपनीय आहे, बाई."

"नर्सचं?"

"बाई, तुम्ही सोल्डर करा."

बाईंनी आयसी यंत्रात बसवली आणि एकेक पाय जोडत गेल्या. चौथा सगळ्यात शेवटी ठेवला. कथील वितळलं त्या दोन सेकंदांत तो काहीतरी बोलला. कुरणेंनी नळी पिशवीत घातली होती, पण इतक्या जवळून बाईंना तो नळीशिवायही ऐकू आला.

"घाई करा," तो म्हणाला.

बाईंनी झाकण लावलं, सेल घातले आणि यंत्र दिनकररावांच्या हातात दिलं. त्यांनी ते गळ्याला लावलं. एकदा नुसतंच गुणगुणलं. मग तोच तो सपाट सूर आला.

"प्रभा, ऑपरेशनच्या आदल्या दिवशी मी तुझ्यावर ओरडलो. तू टेपरेकॉर्डर घेऊन आली होतीस. म्हणालीस, काहीतरी बोलून ठेवा. मी म्हटलं, मी काय मरायला चाललोय? तू तो पिशवीत घातलास आणि डबा उघडलास. मला बोलायचं होतं. बोलताना रडू आलं असतं, ते टेपमध्ये राहिलं असतं, म्हणून नाही बोललो. चूक माझी होती. तुझ्याकडे माझा आवाज राहिला असता."

बाई खाली बसल्या. तो क्षण त्यांनी कुणालाही सांगितला नव्हता. सहा वर्षं त्या असंच समजून होत्या की ऐन ऑपरेशनच्या तोंडावर आपणच काहीतरी अभद्र मागितलं आणि या माणसाचं मन दुखावलं. त्याबद्दल माफी मागायची म्हणून त्यांनी कितीदा तोंड उघडलं होतं आणि दर वेळी दुसरंच काहीतरी बोलल्या होत्या. आता त्यांना काय वाटत होतं ते त्यांनाही नीट सांगता आलं नसतं. छातीवरचं काहीतरी उतरलं एवढं मात्र खरं.

"काय बोलला असतात?" त्यांनी विचारलं. "त्या दिवशी बोलला असतात तर?"

दिनकररावांनी विचार केला. कुरणे सही करायचे थांबले.

"मला कुठे काय सुचतं," दिनकरराव म्हणाले. "प्रभा, चहा ठेव, असंच काहीतरी बोललो असतो."

"मग म्हणा."

दिनकररावांनी यंत्र थोडं वर सरकवलं, नीट टेकवलं.

"प्रभा," ते म्हणाले, "चहा ठेव."

प्रभावतीबाई उठल्या, शेगडीवरचा तवा बाजूला उतरवला आणि चहाचं आधण ठेवलं.